कपाटावर हळदीचं बोट

निशी-कसाई, एदोगावा, टोकियो
१७ फेब्रुवारी २००८

ती. आई,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडची शेजारीण लिफ्टमध्ये भेटून वाकून वाकून उलट माझीच माफी मागते. त्यापेक्षा पत्र बरं.

इकडे सगळं जागच्या जागी आहे. सुशांत सकाळच्या गाडीत चेंगरून बँकेत जातो. बँकेत म्हणजे बँकेच्या कॉम्प्युटरमागे, कंत्राटावर. परत येतो तेव्हा ओवी झोपलेली असते. ओवीला मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते आणि मला कळलं असं आम्ही दोघी समजून चालतो. मिरजेत लोक माझ्यासमोर तोंड उघडून बसायचे, इथे मी कचऱ्याच्या पिशव्या उघडून बसते. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटलीचं झाकण वेगळं. इथे दात बघायचे तर परीक्षा जपानीतून द्यावी लागते आणि माझं जपानी भाजीवाल्यापुढे जात नाही. काही न करता माणूस इतकं दमतं हे मला माहीत नव्हतं.

पण आता बातमी आहे. मला काम मिळालंय. वॉर्डाच्या हॉलमध्ये आम्हाला जपानी शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांच्या ओळखीचे एक कुरोदा-सान इचिकावाला ग्योतोकू स्टेशनजवळ जुनं फर्निचर दुरुस्त करतात. इटलीचं. जपानात पैसा उतू जात होता तेव्हा इथल्या श्रीमंतांनी ते हौसेने आणलं, आणि आता त्याचे पापुद्रे सुटायला लागलेत. कुरोदा-सान ऐंशीच्या घरातले. तरुणपणी मिलानजवळच्या एका गावात राहून हे काम शिकलेले. आता नजर साथ देत नाही म्हणून त्यांना बारीक कामाला दुसरा हात हवा होता.

काम काय, तर कपाटाच्या दर्शनी भागावर चित्र असतं. फुलं, पानं, पक्षी. ते रंगवलेलं नसतं. निरनिराळ्या लाकडांचे पातळ पापुद्रे कापून एकमेकांत बसवलेले असतात. कुठे तुकडा पडलेला, कुठे किडीने खाल्लेला. तिथली घाण काढायची, कडा साफ करायच्या, नेमक्या मापाचा तुकडा कापून बसवायचा आणि फट दिसू द्यायची नाही. आई, हे दात भरणंच आहे. पेशंट कण्हत नाही एवढाच फरक. मिरजेहून आणलेल्या माझ्या टोचण्या आणि चिमटे घेऊन गेले, तर कुरोदा-सान त्या हातात घेऊन इतका वेळ बघत बसले की परत देतात की नाही असं झालं.

ओवी शाळेतून यायच्या आत मी घरी असते. सुशांतला चालतंय. तुमचं मत कळवा.

कस्तुरी


मिरज
५ मार्च २००८

चि. कस्तुरी,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने काय लिहायचे.

मत विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर गप्प बसले असते. मला आवडलेलं नाही. जन्मभर शाळेत मुलींना सांगत आले, शिका, आपल्या पायावर उभ्या राहा. घरात दातांची डॉक्टर सून आली तेव्हा माझी मान दोन बोटं वर गेली होती. आता ती सुतारकाम करते हे मी कुणाला सांगू? सुतारकामात वाईट काही नाही. पण त्यासाठी पाच वर्षं कॉलेजात जाऊन कवळ्या बनवायची गरज नव्हती.

दवाखाना आहे तसा आहे. दर गुरुवारी कुलूप काढते, खुर्ची पुसते, खाली-वर करून बघते, नाहीतर गंजायची. रस्त्यावरची तुझ्या नावाची पाटी ओल्या फडक्याने पुसते. येणारे-जाणारे विचारतात, डॉक्टरीणबाई कधी येणार? मी सांगते, येणारच आहे. परवा गल्लीतल्या सुलेखाने भाजी घेताना विचारलं, कस्तुरीला नोकरी लागली म्हणे, कुठे? मी म्हटलं, तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलात. तोंडातून निघून गेलं. आता गल्लीभर झालंय.

माझी खालची उजवी दाढ ठणकते. शेजारचा मोहन म्हणतो, मावशी, दुसरे डॉक्टर आहेत की. मी म्हटलं, घरात डॉक्टर असताना दुसऱ्याच्या दारात तोंड वासून बसू? लवंग धरते. तू आलीस की बघ.

आणि ते पापुद्रे चिकटवता कशाने?

सरोजिनी
(तुझी सासू. सही शाळेच्या सवयीने झाली.)


निशी-कसाई
२० एप्रिल २००८

ती. आई,

नमस्कार, आणि त्याच्यासोबत थोडा रागही पोचू दे. दाढेला लवंग हा उपाय नाही. मी काही उद्या येत नाहीये. मोहनला सोबत घ्या आणि दाखवून या. हे मी सून म्हणून लिहीत नाही, डॉक्टर म्हणून लिहितेय. तुम्हाला डॉक्टर सूनच हवी आहे ना?

चिकटवतात सरसाने. सरस जनावराच्या कातड्याचा, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून गरम करायचा. वास येतो. मी घरी आल्याबरोबर आंघोळ करते आणि मगच ओट्याशी जाते, तेव्हा काळजी नको. कुरोदा-सान म्हणतात, बाजारचा पांढरा गोंद एकदा लावला की कायमचा, आणि सरस पुन्हा गरम केला की सुटतो. आपण केलेली दुरुस्ती पुढच्या माणसाला काढता आली पाहिजे म्हणे.

आता एक मोठं काम आलंय. इचिकावातल्याच मुराता-सान म्हणून एक म्हाताऱ्या विधवा बाई आहेत, त्यांचं तीन खणांचं कपाट. सव्वादोनशे वर्षांचं तरी असेल. समोर तिन्ही खणांवर मिळून एकच मोठा गुच्छ, फुलदाणीसकट. अक्रोडाच्या लाकडात मेपलची पांढरी फुलं, नासपतीच्या लाकडाच्या कळ्या. पानं तपकिरी दिसतात. मी एक सुटलेलं पान उचललं आणि उलटून पाहिलं तर मागून हिरवंगार. उजेड न लागलेली बाजू ती. लाकूड रंगात बुडवून हिरवं केलेलं, वरून उडालं आणि खाली राहिलं. मी कुरोदा-सानांना हाक मारून दाखवलं. त्यांनी ते आधी शेकडो वेळा बघितलेलं असणार, पण माझ्यासाठी पुन्हा चष्मा लावून बघितलं.

फुलाच्या पाकळीला सावली कशी देतात माहितेय? तव्यात वाळू तापवायची आणि पाकळीची एकच कड तिच्यात धरायची. आपल्याकडे भट्टीवर फुटाणे भाजतात तसंच. जास्त धरली तर काळी, कमी धरली तर सपाट. माझ्या पहिल्या सगळ्या पाकळ्या जळाल्या. कुरोदा-सानांनी उठून खिडकी उघडली.

दमायला होतं. पण हे दमणं वेगळं आहे, आई.

कस्तुरी


मिरज
११ जून २००८

चि. कस्तुरी,

पत्र पोचलं. दाढ दाखवलेली नाही. विषय संपला.

सतारमेकर गल्लीत जाऊन आले. म्हटलं, तू काय करतेस ते डोळ्यांनी बघावं तरी. तिथे भोपळ्यावर पांढरी नक्षी बसवत होते. मी विचारलं, लाकडात लाकूड बसवून फुलं करता येतात का? ते म्हणाले, येतील की, पण एवढा वेळ कुणाला आहे, मावशी. मी म्हटलं, आमच्या सुनेला आहे. मग आठवलं की तू हॉस्पिटलात आहेस, आणि गप्प घरी आले.

सुशांतचं कंत्राट संपेल तेव्हा तुम्ही येणार, हे मी धरून चाललेय. बारीक कामाची आवड असेल तर दात आहेतच. मिरजेत दात कमी पडणार नाहीत. आताशा गुरुवारी कुलूप काढताना माझा हात दुखतो, खुर्ची पुसून झाली की तिच्यातच दहा मिनिटं बसून राहते. परवा डोळा लागला. मोहन शोधत आला तेव्हा जाग आली. तक्रार म्हणून लिहीत नाही.

सरोजिनी


निशी-कसाई
३१ ऑगस्ट २००८

ती. आई,

नमस्कार. तुमच्या पत्राला अडीच महिने उत्तर लिहिलं नाही. कारण लिहायचं ते लिहवत नव्हतं, आणि दुसरं काही लिहिलं असतं तर तुम्हाला कळलंच असतं.

मुराता-सानांच्या कपाटाचा गुच्छ अर्ध्यावर आलाय. वरच्या खणाची फुलं पुरी झाली. माझ्या पाकळ्या आता जळत नाहीत. गेल्या आठवड्यात मुराता-सान बघायला आल्या होत्या. नवी पाकळी कुठली ते कुरोदा-सानांनी त्यांना ओळखायला सांगितलं, तर त्यांनी दोनदा चुकीची दाखवली. कुरोदा-सान हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं.

आई, मी सरळच लिहिते. मला परत आल्यावर दवाखान्यात बसायचं नाही. दात मी चांगले बघत होते, पण संध्याकाळी घरात येताना मला कुणाचं तोंड बघू नये असं व्हायचं. तुमचंसुद्धा. ते मी तुम्हाला कधी कळू दिलं नाही. इथे ग्योतोकूला जाताना सगळं जग टोकियोकडे तोंड करून चाललेलं असतं आणि माझी गाडी उलट्या बाजूची, रिकामी. मी बसून जाते आणि बसून येते, आणि घरी आल्यावर ओवीशी भांडायलासुद्धा माझ्यात जीव उरलेला असतो. हे काम मला परत आल्यावरही करायचंय. कुठे, कुणाचं, काही ठाऊक नाही. पण करायचंय.

तुम्ही त्या खोलीसाठी आणि खुर्चीसाठी काय काय केलंत हे मला माहीत आहे. म्हणूनच अडीच महिने लागले.

कस्तुरी


मिरज
१९ सप्टेंबर २००८

चि. कस्तुरी,

लिहिलंस ते बरं केलंस. चार वेळा लिहायला बसले आणि उठले. राग आला, तो लिहून उपयोग नाही. वाईट वाटलं, ते लिहायची मला सवय नाही.

एकच सांगते. दसरा जवळ आलाय. इथे असताना तू एकही दसरा चुकवला नाहीस. यंत्राची, चिमट्यांची, खुर्चीची पूजा करायचीस, झेंडू वाहायचीस आणि त्या दिवशी कुणाचा दात हलत असला तरी हत्याराला हात लावायची नाहीस. तिकडे गेल्यापासून केली नसशील, कारण हत्यारच हातात नव्हतं. आता आहे. लाकडाचं तर लाकडाचं. ज्याच्यावर आपलं पोट चालतं किंवा मन चालतं, त्याची पूजा चुकवू नये. हळदकुंकू घरात असेलच. आपट्याची पानं पाकिटात घातलीयेत, वाळली तरी चालतात. तुझ्या त्या म्हाताऱ्याला विचारून कर.

दाढेचं विचारू नकोस.

सरोजिनी


मिरज
९ ऑक्टोबर २००८, विजयादशमी

चि. कस्तुरी,

आज मुहूर्त चांगला होता म्हणून उरकून टाकलं. दवाखाना डॉ. पद्मिनीला दिला.

नवीनच पास झालेली आहे, बरोबर लहान मुलगी आहे, नवरा सांगलीला नोकरीला. जागा शोधत फिरत होती. मोहन तिला घेऊन आला. मी आधी हाकलणार होते. पण ती आत आली आणि खुर्चीवरून हात फिरवून म्हणाली, किती जपलीय हो कुणीतरी. मग मी चहा टाकला.

तुझं ऑगस्टचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तू माझ्यासाठी त्या खुर्चीत परत बसशील आणि संध्याकाळी माझं तोंड बघवणार नाही, तर त्यात माझा काय फायदा? मी खोली धरून ठेवली होती ती तुझ्यासाठी असं मला वाटायचं. खरं तर ती मी लोकांना दाखवायला धरून ठेवली होती. सकाळी पद्मिनीने पूजा केली आणि दुपारी, हत्याराला हात न लावायचा दिवस असूनही, माझी दाढ काढली. अजिबात दुखलं नाही. हे तुला लिहिताना चोरी केल्यासारखं वाटतंय.

तू तुझं काम कर. माझ्यासाठी परत यायचं असं मनात ठेवू नकोस. मी दमलेय, पण आज हलकं वाटतंय.

सरोजिनी


निशी-कसाई
१९ ऑक्टोबर २००८

ती. आई,

नमस्कार. हे पत्र लहान आहे, कारण बसून लिहायचीही ताकद नाही.

मुराता-सानांचं कपाट गेलं. माझ्या हातून एक चूक झाली, कसली ते भेटीत सांगेन. दुसऱ्याच दिवशी कुरोदा-सान मला बरोबर घेऊन त्यांच्या घरी गेले. इथे चूक झाली की मिठाईचा खोका घेऊन माफी मागायला जायचं असतं. कुरोदा-सानांनी काळा कोट घातला होता. मी पंजाबी ड्रेस घातला, माझ्याकडे काळं काही नव्हतं. दारातच दोघंही कमरेत वाकलो. ऐंशीच्या घरातला माणूस माझ्या चुकीसाठी माझ्याहून खाली वाकला, आणि मी बाजूला वाकून त्यांचे बूट बघत राहिले. मुराता-सान म्हणाल्या, असू दे, असू दे. आणि परवा त्यांच्या मुलाने ट्रक पाठवून कपाट नेलं. खालचे दोन खण अर्धेच. ब्लँकेटमध्ये गुंडाळून, दोर बांधून. मुलगा एक शब्द वाईट बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

कुरोदा-सान डिसेंबरात कारखाना बंद करतो म्हणाले, तसंही वय झालंय. तसंही नव्हतं, आई. हे मोठं काम पुरं करून मग बंद करणार होते.

इकडे सुशांतच्या बँकेतही रोज कुणाचं तरी टेबल रिकामं होतंय. त्याचं कंत्राट मार्चपुढे वाढत नाही हे नक्की. आम्ही एप्रिलात येतो. मी ऑगस्टमध्ये जे लिहिलं ते विसरा. दवाखाना राहू द्या. मी आले की उघडते. माणसाने जे शिकलंय तेच करावं, तुम्ही पहिल्यापासून बरोबर होतात.

कस्तुरी


निशी-कसाई
२२ ऑक्टोबर २००८

ती. आई,

तुमचं दसऱ्याचं पत्र काल आलं. माझं परवा निघालं. दोन्ही वाटेत कुठेतरी एकमेकांच्या डोक्यावरून गेली असतील.

तुम्ही केलंत ते फार चांगलं केलंत. दाढ काढलीत तेही. माझ्या पत्रात दवाखान्याबद्दल जे आहे ते वाचून सोडून द्या, मी त्या दिवशी दमले होते. पद्मिनीला काही सांगू नका. मी आल्यावर काहीतरी बघेन. मिरजेत दवाखाने पुष्कळ आहेत, कुणाच्यातरी हाताखाली बसेन.

दिवाळीला ओवीसाठी किल्ला करायचा होता, पण खालच्या बागेतली माती उचलायला परवानगी लागते. चकल्या करतेय. मोडतायत.

कस्तुरी


मिरज
३ नोव्हेंबर २००८

चि. कस्तुरी,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. आधी दुसरं उघडलं, मग पहिलं. त्यामुळे तुझा खोटेपणा मला उलट्या क्रमाने कळला.

भाऊबीजेला मोहनच्या फोनवर सुशांत बोलला. मोहन ऐकून मला पाटीवर लिहून दाखवत होता. मी विचारायला सांगितलं, कपाट का नेलं? सुशांत टाळत होता. मी मोहनला म्हटलं, त्याला सांग, आई फोनजवळून उठणार नाही. मग मोहनने पाटीवर एकच शब्द लिहिला. हळद. मी म्हटलं, नीट लिही.

मग कळलं. तू दसऱ्याला करवतीला, चिमट्यांना, सरसाच्या भांड्याला हळदकुंकू लावलंस. आणि हात गेला तसा त्या कपाटालाही ओल्या हळदीचं बोट लावलंस, जसं दर वर्षी खुर्चीला लावायचीस. खुर्ची रेक्झिनची, पुसली की गेलं. ते लाकूड, वरचं पॉलिश नुकतंच काढलेलं, उघडं. पांढऱ्या फुलात हळद आत उतरली ती उतरलीच.

पूजा कर म्हणून मी लिहिलं होतं. मी लिहिलं नसतं तर तुझ्या मनातही आलं नसतं. आणि तू त्या बाईंच्या दारात वाकलीस, त्या म्हाताऱ्याला वाकावं लागलं, आणि माझं नाव कुठेही घेतलं नाहीस. मला लिहितेस, कसली ते भेटीत सांगेन. भेटीतही सांगितलं नसतंस. मुलींची शाळा चालवलीय मी, कस्तुरी. कोण कुणाला पाठीशी घालतंय हे मला वहीच्या कव्हरवरून कळायचं.

ऑगस्टमध्ये लिहिलंस ते खरं की ऑक्टोबरात लिहिलंस ते? मला वाटतं, ऑगस्टमधलं. ऑक्टोबरातलं दमलेल्या माणसाने लिहिलंय. मी स्वतः दमलेली आहे, मला ओळखू येतं. पद्मिनीला मी खोली सोड म्हणणार नाही. तिने तिची पाटी लावली आणि मी तुझी काढून आत ठेवली. हे लिहायला जड जातंय, पण तू कुणाच्या हाताखाली बसून दात बघायचे नाहीत.

सुशांतकडून त्या मुराता बाईंचा पत्ता घेतला आणि त्यांना पत्र टाकलं. तुला विचारलं नाही. इंग्रजीत लिहिलंय. माझं इंग्रजी जुनं आहे, पण शुद्ध आहे. काय लिहिलं ते तुला सांगणार नाही, माझं आणि त्यांचं आहे ते. उत्तर नाही आलं तरी चालेल.

सरोजिनी


निशी-कसाई
१४ डिसेंबर २००८

ती. आई,

नमस्कार. आज सावकाश लिहिते.

मंगळवारी ग्योतोकूला गेले ती सामान आवरायला. कुरोदा-सान लाकडाचे पापुद्रे कागदात गुंडाळत होते आणि मी वर नावं घालत होते. कुणीतरी दार सरकवलं. मुराता-सान. एकट्या, काठी टेकत, गाडीने आलेल्या. बूट काढून आत आल्या, बसल्या, चहा घेतला, थंडीबद्दल बोलल्या. मग पर्समधून तुमचं पत्र काढलं. सोबत जपानीत केलेलं भाषांतर होतं. ट्रक पाठवणाऱ्या त्याच मुलाने केलं होतं.

मी तुमचं अक्षर लांबूनच ओळखलं. म्हटलं, आता काय लिहिलंय यांनी.

मुराता-सान कुरोदा-सानांना म्हणाल्या, "माझ्या सासूबाई जाईपर्यंत त्या घरातल्या प्रत्येक चुकीवर माझं नाव होतं. त्यांच्या हातून फुटलेल्या कपावरसुद्धा. चूक माझी आहे, सुनेची नाही, असं कुणी सासू स्वतःच्या सहीनिशी लिहिते, हे मला या वयात वाचायला मिळालं. मी तीनदा वाचलं."

आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, कपाट जानेवारीत परत पाठवते. मुलगा कुरकुरतोय, पण ट्रक तोच बोलावणार आहे. मी वाकले. त्या म्हणाल्या, "डाग मात्र काढा हं."

निघेल म्हणतात कुरोदा-सान. हळद उन्हात उडते. पण बाकीची लाकडंही उडतील, म्हणून सगळं कपाट काळ्या कागदाने झाकायचं, कागदाला तेवढ्या डागापुरतं भोक पाडायचं आणि खिडकीसमोर ठेवायचं. रोज बघायचं. वेळ लागेल. ते मार्चअखेरपर्यंत कारखाना चालू ठेवतायत. असं त्यांनी मला सांगितलं नाही. गुंडाळलेले पापुद्रे गुपचूप परत सोडायला लागले, त्यावरून कळलं.

मुराता-सान जाताना तुमचं पत्र मला वाचायला देऊन गेल्या, परत पाठवायच्या बोलीवर. ते त्यांना स्वतःजवळ ठेवायचंय. मी ते स्टेशनवर उभी राहून वाचलं. हळदीचं, दसऱ्याचं, आपल्याकडे हत्यारांची पूजा का करतात त्याचं, सगळं तुम्ही वर्गात समजावून सांगावं तसं लिहिलंय. आणि शेवटी लिहिलंय, माझी सून कारागीर आहे, तिच्या हातातलं काम अर्धं राहू देऊ नका.

दोन गाड्या सोडल्या मी. तिसरीत बसले आणि निशी-कसाई स्टेशन येईपर्यंत रडले. इथे गाडीत कुणी रडलं तर लोक बघत नाहीत, तेवढं बरं आहे.

आई, तुमच्या घरात आले तेव्हापासून तुम्ही मला सगळ्यांपुढे डॉक्टर म्हणून उभं केलंत आणि मी तशी उभी राहिले. मला दुसरं काही व्हायचंय हे मला स्वतःलाही धड म्हणता येत नव्हतं. ते तुम्ही समुद्रापलीकडच्या एका अनोळखी बाईला लिहिलंत, आणि मी अजून विचारलंसुद्धा नव्हतं.

कपाट पुरं करून एप्रिलात येतो. आल्यावर मला काम लगेच मिळणार नाही, कदाचित वर्षभर मिळणार नाही. तोवर मला घरात बसलेली बघायला लागेल तुम्हाला. चालेल ना?

तुमची,
कस्तुरी